खो-खोची बाद स्पर्धा: आधी अंतिम सामन्याची तारीख, मग बाकी सगळं

मुलींची उन्हाळी खो-खो स्पर्धा घ्यायची ठरली की मंडळी पहिल्यांदा चषक बघायला धावतात. माझं ऐका, आधी कॅलेंडर काढा आणि अंतिम सामन्याच्या दिवसावर खूण करा. तिथून उलटं मोजत या. बडोद्यात ती खूण मे संपायच्या आत हवी. जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि मग मैदान कुणाच्या हातात राहत नाही.

नववीत असताना आमचा संघ इथल्याच एका स्पर्धेत अंतिम फेरीत पोचला होता. आयोजकांनी सामना आज-उद्यावर ढकलला, मैदानात पाणी साठलं, आणि तो सामना कधी झालाच नाही. चाळीस वर्षं झाली, पण तो सल अजून गेलेला नाही.

माझी भाची डब्लिनला असते. तिच्याकडे गेले तेव्हा गेलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा खेळ पाहिला आणि त्यांच्या पहिल्या अखिल आयर्लंड स्पर्धेची हकीकत वाचून काढली. साल १८८७. बाद पद्धत, खुली सोडत. प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वतीनं तिथला विजेता क्लब उतरायचा, एका बाजूला २१ गडी. अंतिम सामना झाला २९ एप्रिल १८८८ला, म्हणजे स्पर्धेचं वर्ष सरून चार महिने झाल्यावर! लिमरिकच्या कमर्शिअल्सनी १ गोल आणि ४ गुण केले, लाउथच्या डंडॉक यंग आयर्लंड्सचे नुसते ३ गुण झाले. उशिरा का होईना, निकाल लागला. पुढच्या मोसमात फेऱ्या प्रांतवार केल्या, पण हा खेळ चालवणाऱ्या संघटनेचे खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि देशाचा विजेता ठरलाच नाही. ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचं पाणी साठलेलं मैदान आलं.

आता सोडत. समजा अकरा संघ आले. दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीच्या ओळीत अकराच्या पुढचा आकडा सोळा. सोळातून अकरा गेले, पाच उरले. या पाच संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. उरलेल्या सहांचे तीन सामने. तीन विजेते आणि हे पाच मिळून आठ, तिथून उपउपांत्य फेरी सरळ लागते. एकूण सामने नेहमी संघांपेक्षा एक कमी, म्हणजे दहा. पुढे चाल एकाच बाजूला साठू देऊ नका: वरच्या अर्ध्यात सहा संघ आणि दोन चाली, खालच्या अर्ध्यात पाच संघ आणि तीन चाली. एकाच आखाड्याचे दोन संघ असतील तर एक वर, एक खाली. बाकी सगळं चिठ्ठ्यांवर सोडा, आणि चिठ्ठ्या सगळ्या कप्तानांसमोर एखाद्या लहान मुलीकडून उचलवा. तगडा संघ म्हणून कुणाला चाल देऊ नका. सोडतीवरचा विश्वास एकदा उडाला की पुढच्या वर्षी संघ येत नाहीत.

वेळेचा हिशेब सोपा आहे. नऊ मिनिटांच्या चार पाळ्या, मध्ये पाच, नऊ आणि पाच मिनिटांची विश्रांती, मिळून पंचावन्न मिनिटं. सव्वा तास धरा. सकाळी साडेसहाला पहिला सामना सुरू करा, नऊच्या आत दोन आटपतात. त्यानंतरच्या उन्हात मुलींना पळवू नये, कितीही घाई असो. दिवसाला दोन धरले तर अंतिम सामना सहाव्या सकाळी येतो. उपांत्य फेरीनंतर एक दिवस मुलींना आराम दिला की तो सातव्या सकाळी जातो, आणि शेवटी दोन सकाळी राखीव.

बरोबरी झाली तर काय, हे सोडतीच्या दिवशीच लिहून सगळ्या कप्तानांच्या सह्या घ्या. जादा डाव, तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कमी वेळात बाद करेल तो संघ जिंकला. १८८७मध्ये आयर्लंडात एक गोल कितीही गुणांना भारी असे. १८९२मध्ये गोल पाच गुणांचा झाला, १८९६पासून तीन गुणांचा. हिशेब बदलता येतो, पण चालू स्पर्धेत नाही. ज्या बडोद्यात १९२४ला खो-खोचे नियम छापले गेले, तिथे तरी हे तोंडी ठेवू नये.

गैरहजर संघासाठी पंधरा मिनिटं थांबा, मग समोरच्याला पुढे चाल द्या. मात्र अंतिम सामना असा कधी देऊ नका. राखीव सकाळ त्यासाठीच ठेवली आहे. कप्तानाला फोन लावा, लागलं तर घरी जा, रिक्षानं मुलींना घेऊन या.