स्विच येण्याआधी खोली बघताना

ऑफिसातले कॉम्प्युटर आणि कॅमेरे केबलींनी एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच जिथे बसवायचाय, ती खोली जमलं तर पावसात बघा. फोंड्यात मेमध्ये कोरडीठाक वाटणारी चिऱ्याची भिंत जुलैत हाताला ओलसर लागते, तळव्याला तांबडी पूड चिकटते. तोवर थांबता येत नसेल तर जमिनीलगतचा दोनेक फूट गिलावा निरखा: फुगलाय का, पांढरा क्षार आलाय का, रंगाचे पोपडे सुटलेत का. पश्चिमेच्या भिंतीवर रॅक (स्विच बसवायचा पत्र्याचा सांगाडा) नकोच, आपला पाऊस तिलाच झोडपतो. वर संडास नको, टाकी नको. एसीही रॅकच्या डोक्यावर नको. ड्रेन पाइप तुंबला की पाणी थेट स्विचवर.

चिरा मऊ असेल तर नुसता स्क्रूचा प्लग फिरत राहतो. भिंतीवरच्या रॅकला आरपार बोल्ट घाला, नाहीतर रॅक जमिनीवर उभा करा. रुंदी १९ इंच ठरलेलीच, उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे ४४.४५ मिमी, फसतो तो डेप्थमध्ये, म्हणून पॉवर कॉर्डचं वळण धरून मोजा.

सगळ्यात जास्त वेळ अर्थिंगला द्या. आपली जमीन जांभ्याची. पावसात पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, भिजलेला असतो, अर्थच्या रोधाचं रीडिंग छान कमी येतं. एप्रिल-मेमध्ये तोच पिट सुकतो आणि आकडा चढतो. वळवाच्या विजा कडाडतात त्याही नेमक्या तेव्हाच. म्हणून रीडिंग मेमध्ये घ्या. एका ऑफिसात मी ऑगस्टमधल्या रीडिंगवर विसंबलो. पुढच्या मेअखेरीस रात्री गडगडाट झाला आणि सकाळी स्विचचे आठ पोर्ट मेलेले. आठही केबली अंगणापलीकडच्या इमारतीत जाणाऱ्या, तांब्याच्या. तेव्हापासून इमारतीबाहेर मी फक्त फायबर नेतो. रॅकच्या पत्र्याला अर्थची वायर वेगळी जोडा आणि रंग खरवडूनच जोडा. मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवू लागला, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

यूपीएसची लाइन स्वतंत्र हवी, तिच्यावर चहाची किटली चालणार नाही. तांब्याच्या नेटवर्क केबलची १०० मीटरची मर्यादा भिंतीवरून, छतावरून जाणाऱ्या वाटेने मोजायची. नकाशावरच्या सरळ रेषेने नाही.

चवथीला ऑफिस बंद, एसी बंद, पण कॅमेऱ्यांसाठी स्विच चालूच असतो. त्यामुळे एसी बंद करून, दार लावून खोली तीन-चार तास तशीच ठेवा आणि थर्मामीटर बघा. पुष्कळ स्विच ४० ते ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि चालू झाल्यावर स्विच स्वतःची उष्णता त्यात घालणार, म्हणून रिकाम्या खोलीतच आकडा ३५ च्या पुढे गेला तर मी दुसरी खोली मागतो.

केबलची भोकं बुजवा, पाली आत शिरतात. आणि स्विच एसी गाडीतून आला असेल तर खोका लगेच फोडू नका. दमट हवेत थंड पत्र्याला घाम फुटतो. रात्रभर खोका बंदच राहू द्या, सकाळी उघडा.