नगरसेवक ऐकत नाहीत? पुणेकरांनो, या चुका टाळा

आपण पदपथ रुंद करा म्हणतो आणि महापालिका उड्डाणपुलाचा नारळ फोडते. आपण टेकड्या राखा म्हणतो, तर तिथे किती टक्के बांधकामाला परवानगी द्यायची यावर पुढाऱ्यांची खलबतं चालतात. हे अंतर खरं आहे आणि त्याची जबाबदारी निवडून आलेल्यांचीच आहे. पण मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे नागरिक आणि पालिका अधिकाऱ्यांच्या, बैठकांना इतकी वर्षं बसल्यावर मला एक गोष्ट पटली आहे. आपली मागणी बहुतेक वेळा उशिरा पोचते, आणि तीही भलत्याच टेबलावर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जेसीबी दिसल्यावर जागं होणं. एचसीएमटीआर हा शहरातला नियोजित वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या विकास आराखड्यात होता. त्याविरुद्ध मोठा आवाज उठला तो २०१९ मध्ये, निविदा निघाल्यावर. मधली तीस वर्षं ती रेघ नकाशावर होती आणि आपण तिच्याकडे पाहिलं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ नागरिकांना हरकती-सूचना देण्याचा हक्क देतो, पण मुदत घालूनच. आराखड्यात नंतर बदल करायचा असेल तर कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीसाठी महिनाभराचा वेळ मिळतो. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. सोसायटीतल्या एका माणसावर ती वाचण्याचं काम सोपवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथेच सगळं ठरतं.

हरकती कोण घेतं आणि त्यांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना दोन उदाहरणं सांगतो. जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये पुणेकरांनी सुमारे ८७ हजार हरकती नोंदवल्या. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि चुकांवरून इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून दुरुस्त करायला सांगितलं.

मात्र एकाच छापील मसुद्यावर पाचशे सह्या घेऊन जाणं ही दुसरी चूक. सुनावणीला पाचशे अर्ज एका वाक्यात निकाली निघतात. आमच्या भागातल्या एका जागेच्या आरक्षणाच्या वेळी आम्ही हेच केलं आणि पाच मिनिटांत बाहेर आलो. त्याच सुनावणीत एका निवृत्त शिक्षिकेने सर्व्हे नंबर, शाळेतल्या मुलांची संख्या आणि रस्त्याची मोजलेली रुंदी लिहून नेली होती. त्यांना अधिकाऱ्यांनी वीस मिनिटं प्रश्न विचारले. सह्या जरूर घ्या, पण प्रत्येकाने आपल्या दारासमोरची अडचण आपल्या शब्दांत लिहावी.

तिसरी चूक चार सदस्यांच्या प्रभागातली. २०१७ पासून आपल्याकडे एका प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात. एकाला भेटून आलो की आपलं समाधान होतं. तो म्हणतो, तो रस्ता दुसऱ्या ताईंकडे आहे. ताई म्हणतात, भाऊंना विचारा. पत्र एकच लिहा, चौघांच्या नावे लिहा आणि चौघांकडून वेगवेगळी पोच घ्या. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता, तेव्हा आयुक्तांना थेट अर्ज करण्याची सवय लागली. ती आता पुरणार नाही.

अंदाजपत्रकाकडे पाठ फिरवणं मला सगळ्यात जास्त खटकतं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपण काम सुचवू शकतो. अर्ज पुढे प्रभाग समितीत जातात, तिथे नगरसेवक बसलेले असतात आणि आपण नसतो. मग पदपथाच्या उताराऐवजी पुन्हा पेव्हर ब्लॉक, बाकडी आणि नामफलक येतात. नगरसेवकांच्या 'स' यादीतही, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या यादीतही, बहुधा हेच दिसेल. त्यांच्या कार्यालयात रोज येणारा दुकानदार दारापुढचं पार्किंग मागतो. पायी चालणाऱ्या आजी तिथे कधी जात नाहीत. त्या आजींना एकदा सोबत न्या.

आणि ठराव झाला म्हणजे काम झालं, असं समजू नका. २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक म्हणून मान्य केलं आणि पुढे वर्षं लोटली तरी ते रस्त्यावर उतरलं नाही. याउलट बीडीपी, म्हणजे टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यान, पाहा. समाविष्ट २३ गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांचं हे आरक्षण टिकलं, कारण नागरिक महापालिकेतून मंत्रालयापर्यंत त्यामागे राहिले आणि राज्य सरकारने २०१५ मध्ये ते मंजूर केलं.

म्हणून अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्याच आवक क्रमांकावरच्या टिपणीची प्रत मागा. फाइल कोणत्या टेबलावर, किती दिवस आणि कोणाच्या शेऱ्याने थांबली, हे त्यात लिहिलेलं असतं. ती प्रत घेऊनच चौघांच्या भेटीला जा.