रंकाळ्यासारख्या तलावावर एकट्याची रेसिंग डिंगी

झाडं-इमारतींमुळे इथला वारा तुटक येतो. आरएस एअरोसारखी नवी डिंगी (छोटी शिडाची होडी), नुसता सांगाडा 30 किलोचा, प्रत्येक झोताला लगेच उसळते.

वारा मंद असेल तर पुढे सरकून बसा, होडी शिडाच्या बाजूला किंचित कलती ठेवा. शीट (शीड आवळायची-सोडायची दोरी) फार ओढलीत तर होडी जागीच थिजते. मध्यम वाऱ्यात सपाट चालवा.

पाण्यावर काळसर लहरींचा पट्टा सरकत येताना दिसला की झोत आलाच. आधी वाऱ्याच्या बाजूला बाहेर झुका, वीतभर शीट सोडा, होडी सपाट झाली की परत ओढा. सुकाणूशी झटापट नको, त्याने वेग मरतो.

जोराच्या पावसाळी पश्चिम वाऱ्यात कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) घट्ट ओढा. लाइफ जॅकेट कायम अंगात हवंच.