जळगावात वेबसाइटची कामं मिळत नव्हती, तेव्हा हे चाललं

लक्षण असं: पोर्टफोलिओ तयार, कार्ड छापलेली, पण चौकशी येते ती फक्त ओळखीच्यांची, तीही "फुकटात करशील का?" अशी. फेसबुकवर जाहिरात दिली, एमआयडीसीत पत्रकं वाटली, दर निम्मे केले. सात महिने नुसता वैताग.

शेवटी चाललं ते याच क्रमाने:

आधी एकच धंदा धरला, डाळ मिल. गूगल मॅप्सवर 'डाळ मिल जळगाव' शोधून ज्यांच्या नोंदीत 'वेबसाइट' बटण नाही अशा मिलांची वही केली. मग रोज दोनच ठिकाणी, स्वतः. सकाळी गाड्या भरायची घाई असते, म्हणून दुपारी चारनंतर. लॅपटॉप घरीच ठेवला. मालकाच्याच मोबाइलवर त्यांची नोंद उघडून चुकलेली वेळ, जुना नंबर दाखवला आणि गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये (धंद्याची नोंद जिथून बदलता येते तिथे) तिथल्या तिथे दुरुस्त करून दिला, फुकट. एक मालक म्हणाले, "भाऊ, वेबसाइट राहू दे, फोन वाजला पाहिजे." तेव्हापासून मी वेबसाइट विकायचं सोडलं. त्याऐवजी फोन वाजवणाऱ्या एकाच पानाचा नमुना दाखवतो: तूर, चणा, उडीद, पॅकिंगचे फोटो आणि तळाशी व्हॉट्सअॅपचं बटण, ज्यात 'भाव कळवा' हा मजकूर आधीच भरलेला.

होकार आला की निम्मे पैसे आगाऊ. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मालकाच्याच नावावर आणि ईमेलवर. यात चालढकल केली की पुढे भांडण ठरलेलं. काम संपल्यावर पैशांसोबत दोन ओळखीच्या व्यापाऱ्यांची नावं मागायची. माझी पुढची तीन कामं तिथूनच आली, एक थेट भुसावळचं.