आयपीएल 'स्क्रिप्टेड' आहे का? वही-पेन घेऊन स्वतः तपासायची पद्धत

आधीच सांगतो, मी पुण्याचा आहे आणि २०१७ पासून मुंबई इंडियन्सला पाण्यात बघतो. त्या वर्षीची फायनल आठवत असेल, हैदराबादला, मुंबईचे १२९ आणि आपल्या रायझिंग पुणेचे १२८. एक रन! त्याच सीझनमध्ये आधी तीनदा आपण त्यांना हरवलं होतं आणि नेमकी चौथी गेली. त्या रात्री माझं पक्कं मत झालं की सगळं ठरलेलं असतं, आणि पुढे दोनतीन वर्षं मी ते भेटेल त्याला सांगत सुटलो. माझा मेहुणा डोंबिवलीचा, कट्टर मुंबईवाला, तो एकदा वैतागून म्हणाला, "दाजी, एक तर पुरावा द्या नाहीतर गप बसा." तिथनं ही वही सुरू झाली. खाली जे लिहितोय ते त्या वहीतल्या चुकांमधून आलेलं आहे.

सगळ्यात आधी तुमचा आरोप नक्की काय आहे ते एका वाक्यात लिहा. हे ऐकायला फालतू वाटतं पण निम्मी भांडणं इथेच संपतात, कारण "आयपीएल फिक्स आहे" यात लोक चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात. एक, बोर्डच (बीसीसीआय) ठरवतं कोण जिंकणार. दोन, अंपायर मोठ्या टीमकडे झुकतात, मुद्दाम किंवा गर्दीच्या आवाजाने. तीन, एखादा प्लेयर बुकीकडून पैसे घेऊन एखादी ओव्हर खराब टाकतो. चार, नियम, वेळापत्रक, मालकी यातच कुणाला तरी झुकतं माप आहे. या चारही गोष्टींचा पुरावा वेगवेगळ्या ठिकाणी सापडतो. २०१३ चं उदाहरण घ्या, श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांना अटक झाली तेव्हा दिल्ली पोलिसांचा आरोप होता तो ठराविक ओव्हरमध्ये ठराविक रन देण्याचा, मॅच हरण्याचा नव्हे (२०१५ ला कोर्टाने त्यांना त्या केसमधून आरोपमुक्त केलं, बोर्डाची कारवाई वेगळी होती). म्हणजे ती केस दाखवून "बघा मुंबईला जिंकवतात" असं म्हणता येत नाही, दोन्हीचा काडीचा संबंध नाही.

आरोप लिहिला की त्याच्याखाली लिहा, काय दिसलं तर मी मान्य करीन की मी चूक होतो. हे सीझन सुरू व्हायच्या आधी लिहायचं, नंतर नाही. मी लिहिलं होतं, "मुंबईला होमग्राउंड आणि अंपायर मिळाले की ते वर असणारच". आता २०२२ बघा. कोविडमुळे त्या वर्षी लीगच्या सगळ्या ७० मॅचेस मुंबई आणि पुण्यात झाल्या, वानखेडे, ब्रेबॉर्न, डी वाय पाटील आणि गहुंजे. मुंबईला याच्यापेक्षा सोयीचं काय असणार? पहिल्या आठच्या आठ हरले आणि दहापैकी दहावे आले. उलट २०२० ला सगळं यूएईत, स्टेडियम रिकामी, ना घर ना गर्दी, तेव्हा कप घेऊन गेले. २०२४ ला परत शेवटचे. आता बोर्डाचा लाडका पोरगा दोनदा नापास होतो हे माझ्या थिअरीत कुठे बसवायचं ते मला आजपर्यंत जमलेलं नाही. मेहुण्याने मात्र ते पान फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलं.

यावर लोक म्हणतात की अरे संशय येऊ नये म्हणून मुद्दाम हरवतात. हे वाक्य आलं की समजायचं की आता तपासायला काहीच उरलं नाही, जिंकले तरी फिक्स, हरले तरी फिक्स.

आता वही. पाच रकाने पुरतात: मॅच आणि तारीख, कुठला बॉल, निर्णय काय दिला, रिप्लेमध्ये काय दिसलं, फायदा कुणाला. आणि सहावा छोटासा, मॅचवर किती परिणाम, त्यात फक्त जास्त, कमी, शून्य. चाळीस रनने हरलेल्या मॅचमधला वाइड लिहा पण परिणाम शून्य लिहा. महत्त्वाची अट अशी की फक्त संशयित टीमच्या मॅचेस लिहून चालणार नाही, दोनतीन बाकीच्या टीम्सच्या पण लिहायच्या, नाहीतर तुलना कशाशी करणार. आणि संशयित टीमच्या विरोधात गेलेले निर्णय पण लिहायचे. हाच सगळ्यात अवघड भाग आहे. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत मुंबईला मिळालेल्या फायद्यांचं पान भरत आलं आणि तोट्याच्या बाजूला अक्षरशः काही नाही, मला वाटलं सापडलं घबाड! मग मेहुण्याने त्याच मॅचेस पाहून त्याची यादी पाठवली, त्यात बरोब्बर उलटं. दोघांनी एकच बॉल बघितला होता.

बंगळुरूची २८ मार्च २०१९ ची मॅच घ्या, याच्यावर सराव करायला उत्तम. शेवटच्या बॉलला आरसीबीला (म्हणजे बंगळुरूला) ७ हवे, मुंबईच्या मलिंगाचा पाय लाइनच्या बाहेर, अंपायरने नो बॉल दिलाच नाही, मुंबई ६ रनने जिंकली. कोहली भडकला आणि त्याचं भडकणं योग्यच होतं. सगळ्यांच्या डोक्यात एवढंच राहिलंय. पण त्याच मॅचनंतर जिंकलेल्या टीमचा कॅप्टन रोहित पण अंपायरिंगवर बोलला, की बुमराचा वाइड नसलेला बॉल वाइड दिला. ते कुणाच्या लक्षात आहे? वहीत दोन्ही ओळी यायला पाहिजेत. पहिल्या ओळीत परिणाम "जास्त" हे नक्की, पण तिथेही नीट लिहा, नो बॉल दिला असता तरी फ्री हिटवर ६ काढायचे होते आणि स्ट्राइकवर दुबे होता, डिव्हिलियर्स समोरच्या एंडला. म्हणजे जिंकलेली मॅच हिसकावली असं नाही, एक चान्स हिसकावला. फरक आहे.

असाच दुसरा, २०२० ला दुबईत दिल्ली-पंजाब. पंजाबच्या जॉर्डनचा एक रन शॉर्ट दिला, म्हणजे बॅट क्रीजच्या आत टेकलीच नाही म्हणून मोजला नाही, रिप्लेमध्ये बॅट क्रीजच्या आत स्वच्छ दिसत होती, मॅच टाय झाली, सुपर ओव्हरमध्ये दिल्ली जिंकली आणि पंजाब शेवटी दोन पॉइंटने प्लेऑफच्या बाहेर राहिलं. याच्याइतकी महागात पडलेली चूक मला तरी दुसरी आठवत नाही. आणि गंमत म्हणजे ही कुणाला आठवत नाही, कारण यात मुंबई नाही आणि चेन्नई पण नाही. सगळ्या टीम्सच्या नोंदी ठेवायच्या म्हणतो ते याच्यासाठीच.

एक बघायचं राहतं नेहमी, चूक झाल्यावर लीगने पुढे काय केलं. ज्याला चुकांचा फायदा हवाय तो चूक करायची जागा उघडी ठेवील. इथे मलिंगा प्रकरणानंतर २०२० पासून पायाचा नो बॉल थर्ड अंपायर बघायला लागला, शॉर्ट रनचं पण पुढच्या वर्षी टीव्हीवर तपासायचं ठरलं, २०२३ पासून वाइड आणि नो बॉलवर रिव्ह्यू घेता येतो. जागा एकेक करून बंद होत गेल्यात. उशिराने आणि बोंबाबोंब झाल्यावरच, पण झाल्यात. म्हणून जुन्या सीझनची वही करणार असाल तर त्या वर्षी नियम काय होता ते वरती लिहून ठेवा, डीआरएस (अंपायरच्या निर्णयावर रिव्ह्यू मागायची सोय) आयपीएलमध्ये २०१८ ला आलं, त्याच्या आधीच्या एलबीडब्ल्यूंची आजच्याशी तुलना करू नका.

रिप्ले बघायची पण एक ट्रिक आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट करा, आवाज बंद. जर्सीचा रंग गेला आणि कॉमेंट्री गेली की निम्मा राग जातो, खरंच करून बघा. त्याहून भारी म्हणजे ज्याला टीम्सशी देणंघेणं नाही अशा माणसाला क्लिप दाखवा. मी आईला दाखवतो. तिला एवढंच विचारतो की बॉल दांड्यांवर जात होता की बाहेर. ती चष्मा पुसते, दोनदा बघते आणि म्हणते "मला काही कळेना बाई, दोन्ही वाटतंय". ज्या बॉलवर आई असं म्हणते तो वहीत "फिफ्टी-फिफ्टी" म्हणून जातो, आणि माझ्या लिस्टमधले कितीतरी "ढळढळीत चीटिंग" तिथेच गेले. अंपायर्स कॉलवाले पण सगळे याच खात्यात टाकायचे, रिव्ह्यूमध्ये बॉल स्टंपला चाटून जाताना दिसला आणि मैदानावरचा निर्णय कायम राहिला तर ती चीटिंग नाही, नियमच तसा आहे.

आता टॉस. टॉसवरून लोक फार लवकर पेटतात. ११ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर मुंबई-आरसीबी मॅचला रेफरीने कॉइन उचलताना पालटलं म्हणून एक व्हिडिओ फिरला, नंतर जवळून घेतलेला व्हिडिओ आला त्यात कॉइन जसं पडलं तसंच उचललेलं दिसत होतं. तोपर्यंत पहिला व्हिडिओ सगळ्यांच्या काकांपर्यंत पोचलेला. आणि त्याच वर्षी मुंबई शेवटची आली हे वर सांगितलंच. टॉसचं गणित मात्र घरी करता येतं. एक रुपयाचं नाणं घ्या, १४ वेळा उडवा, छापे मोजा. असं दहा वेळा करा, दहा टीम्स समजा. एका टीमने १४ पैकी १० किंवा जास्त टॉस जिंकण्याची शक्यता साधारण ९ टक्के आहे, पण टीम्स दहा आहेत ना, मग कुठल्या तरी एका टीमला तसं घबाड लागण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे दर दोन सीझनमधे एकदा तरी कुणीतरी "कॉइन विकत घेतलेलं" दिसणारच, नाणं कितीही सरळ असलं तरी. आणि ती टीम तुमची नावडती निघाली की झालंच, कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

'लीक झालेली स्क्रिप्ट' वगैरे फोटो आले की त्यांची पण नोंद करा, निकाल लागल्यावर शेजारी टिक किंवा फुली मारा. २०२३ च्या फायनलच्या आधी अहमदाबादच्या मोठ्या स्क्रीनवर "रनर अप चेन्नई" असं झळकल्याचा फोटो तुम्हाला पण आला असेल. स्क्रीनची टेस्टिंग चालू होती. पाऊस पडला, मॅच दुसऱ्या दिवसावर गेली, मध्यरात्र उलटली आणि जडेजाने शेवटच्या दोन बॉलमध्ये १० काढून चेन्नईला कप दिला. ज्यांनी फोटो टाकला होता त्यांनीच सकाळी "धोनीसाठी स्क्रिप्ट" म्हणून टाकलं! ही फुली मी लाल पेनने मारली.

तसंच १२ मे २०२२, वानखेडेवर लाइटचा प्रॉब्लेम, सुरुवातीला डीआरएस बंद, चेन्नईच्या कॉन्वेला दुसऱ्याच बॉलवर एलबीडब्ल्यू दिलं, टीव्हीवर तो बॉल लेगला चाललेला वाटत होता आणि रिव्ह्यू घेता येईना. चेन्नई ९७ ऑलआउट. कागदावर याच्यापेक्षा संशयास्पद काही मिळणार नाही, अंबानींची टीम, मुंबईचं ग्राउंड, लाइट गेली. पण अशा वेळी विचारायचं की याने कुणाचं काय साधलं. मुंबई तेव्हा आधीच स्पर्धेबाहेर गेली होती. चेन्नई त्या पराभवाने बाहेर गेली, म्हणजे टीव्हीवाल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच घरी गेलं.

मग काहीच काळंबेरं नाही का? आहे की, पण ते रिप्लेमध्ये दिसत नाही, कागदात दिसतं, आणि सगळ्यात जास्त वेळ मी आता तिथे घालवा म्हणतो. एन. श्रीनिवासन बोर्डात पदाधिकारी होते आणि त्यांची इंडिया सिमेंट्स चेन्नईची मालक. हे जमावं म्हणून बोर्डाचा नियमच बदलला होता, ६.२.४ नावाचं कलम, बोर्डाच्या पदाधिकाऱ्याचा बोर्डाच्या स्पर्धांमध्ये धंदा नको असं सांगणारं, त्यात आयपीएलला सूट दिली. पुढे ते अध्यक्ष झाले. सात वर्षं हे उघड्यावर चालू होतं आणि आपण नो बॉल मोजत बसलो होतो. जानेवारी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सूट रद्द केली, मग त्याच वर्षी कोर्टानेच नेमलेल्या लोढा समितीने सट्ट्याच्या प्रकरणावरून चेन्नई आणि राजस्थानला दोन वर्षं बाहेर बसवलं. पुण्याला दोन वर्षांसाठी टीम मिळाली ती त्यामुळेच, माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं म्हणा.

तर वहीची शेवटची दोन पानं याच्यासाठी ठेवा. एकावर मालक कोण, त्यांचे बाकी धंदे काय, बोर्डात किंवा टीव्ही हक्कात कोण कुठे आहे. दुसऱ्यावर वेळापत्रक. दहा टीम्स आहेत पण मॅचेस चौदाच, म्हणजे पाच टीम्सशी दोनदा आणि चार टीम्सशी एकदाच खेळायचं, तर तुमच्या टीमच्या वाट्याला दोनदा कोण आलं ते लिहा. दोन मॅचमध्ये किती दिवस, किती प्रवास, दुपारच्या उन्हातल्या किती मॅचेस, दहाही टीम्सचं मोजा, एक रविवार जातो फक्त. इथे फरक सापडले तर ते खरे असतात, कुणाच्या डोळ्यांवर अवलंबून नाहीत.

आणि मॅच हरल्या हरल्या वही उघडू नका. सकाळी चहा घेताना भरा.

एवढं सगळं शिकल्यावर मागच्या दिवाळीत मेहुणा आला तेव्हा आम्ही २०१७ ची शेवटची ओव्हर परत लावली, ब्लॅक अँड व्हाइट, आवाज बंद, रकाने आखून. ११ हव्या होत्या, बॉलर मुंबईचा मिचेल जॉन्सन. पहिल्या बॉलला तिवारीचा चौका, मग तिवारी कॅच पोलार्ड, पुढच्याच बॉलला स्मिथ कॅच रायुडू, शेवटच्या बॉलला चार हवे आणि दोन पळून तिसऱ्याला रनआउट. अंपायरला त्या ओव्हरमध्ये काही कामच नव्हतं. "निर्णय काय दिला" या रकान्यात काय लिहू म्हणून मी पेन धरून बसलो तर मेहुण्याने पेन घेतलं आणि लिहिलं, "जॉन्सन". मग बायकोने फराळाला हाक मारली.