परदेशी विद्यापीठात क्रिस्टल पाठवताय? या चुका टाळा

अकोला, वाशीम, गडचिरोलीकडच्या कॉलेजांत धातूंचे कॉम्प्लेक्स (धातूभोवती सेंद्रिय रेणू बांधलेली संयुगं) बनवणारे प्राध्यापक आहेत. सॅलिसिलाल्डिहाइडपासून शिफ बेस (धातूला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू), त्यात कॉपर नाहीतर निकेल. एमएस्सीच्या पोरांनाही ते जमतं. अडतं सिंगल क्रिस्टल एक्सआरडीपाशी, म्हणजे एकाच क्रिस्टलवर क्ष-किरण टाकून रेणूची रचना काढण्यापाशी. मग युरोपातल्या एखाद्या गटाशी सहकार्य ठरतं, पार्सल जातं आणि उत्तर येतं: क्रिस्टल डिफ्रॅक्ट होत नाही, म्हणजे त्यातून क्ष-किरणांचे नीट ठिपके मिळत नाहीत. बहुतेक वेळा घोळ इकडेच झालेला असतो.

सर्वांत मोठा घोळ म्हणजे चकचकीत क्रिस्टल गाळून, वाळवून पाठवणं. आत अडकलेलं मेथॅनॉल किंवा पाणी उडालं की क्रिस्टल तडकतो, दुधाळ होतो. तो मदर लिकरमध्येच, म्हणजे ज्या द्रावणात तो वाढला त्यातच, राहू द्या. पण ज्वलनशील द्रावक विमानाने पाठवायला नियम कडक आहेत, म्हणून समोरच्या लॅबला विचारून जड पॅराफिन तेलात बुडवून पाठवता येईल का ते ठरवा. पर्क्लोरेट असलेला कॉम्प्लेक्स मात्र पार्सलमध्ये नकोच, तो स्फोटक ठरू शकतो. पाठवण्याआधी भूगर्भशास्त्र विभागातल्या ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली क्रिस्टल फिरवून बघा. सगळा एकदम काळा-उजळ होत नसेल, अर्धा आधी नि अर्धा नंतर होत असेल, तर तो जुळा, म्हणजे दोन क्रिस्टल एकमेकांत वाढलेला, असण्याची शक्यता आहे. साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा एक स्वच्छ क्रिस्टल मूठभर चुऱ्यापेक्षा बरा.

आता उन्हाळा. डायइथाइल इथर ३४.६ अंशांना उकळतं, डायक्लोरोमिथेन ४० च्या आसपास. शोधनिबंधातली इथर डिफ्युजनची (इथरची वाफ हळूहळू द्रावणात शिरवून क्रिस्टल वाढवण्याची) कृती मे महिन्यात अकोल्यात करायची म्हणजे बाटली रिकामी होणार. इथर साध्या फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळा, आतल्या ठिणगीने भडका उडतो. हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका, नाहीतर मेथॅनॉल-पाण्यासारखी जोडी निवडा.

खारपाणपट्ट्यातल्या लॅबसाठी एक खास सूचना. क्लोराइड धातूला बांधलेला आहे की बाहेर मोकळा, हे कॉम्प्लेक्सच्या रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या वेर्नरच्या काळापासून सिल्व्हर नायट्रेटने तपासतात; मोकळा क्लोराइड पांढरा साका देतो. नळाच्या पाण्याने विसळलेल्या परीक्षानळीत इथलं पाणीच पांढरा गढूळपणा देतं. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्याने करा, सोबत कोरी चाचणीही (नमुना न घालता तीच चाचणी) लावा.

मूलद्रव्य विश्लेषण (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण) ०.४ टक्क्यांच्या आत जुळलं नाही म्हणून घाबरू नका. वाळवलेला नमुना आणि क्रिस्टल यांत द्रावकाचा फरक असू शकतो. भुकटीचा एक्सआरडी पॅटर्न सिंगल क्रिस्टलवरून काढलेल्या पॅटर्नशी जुळवून पाहा. पहिल्या खेपेला आयआयटी मद्रासच्या सैफमध्ये (बाहेरच्यांनाही खुल्या उपकरण केंद्रात) नमुना तपासून घेतला तर परदेशी गटाचा वेळ वाचतो.

लेखकांचा क्रम नमुना पाठवण्याआधीच ईमेलवर ठरवा. सीआयएफ फाइल (क्रिस्टलच्या रचनेची माहिती असलेली) केंब्रिजच्या क्रिस्टल-रचनांच्या डेटाबेसमध्ये कोण जमा करणार, तेही त्याच ईमेलमध्ये लिहा.