ओट्स आणि अक्रोडाचे मफिन घरी कसे करावेत

मफिनची कृती केकपेक्षा सोपी असते, कारण त्यात लोणी आणि साखर फेटत बसावे लागत नाही. तरीही ओट्सचे मफिन पुष्कळदा कोरडे आणि चिवट होतात, आणि त्याला बहुधा ओट्स न भिजवणे व पीठ नको तितके ढवळणे ही दोनच कारणे असतात.

म्हणून सुरुवात भिजवण्यापासून करावी. १ कप, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम, साधे रोल्ड ओट्स २४० मिलिलिटर दाटसर, आंबट ताकात अर्धा तास ठेवावेत. ताकाचा आंबटपणा पुढे सोड्याशी मिळून वायू तयार करतो आणि त्याने मफिन फुलतात. नुसत्या दुधाने ते काम होत नाही.

तोवर सुका मेवा पाहावा. ७५ ग्रॅम अक्रोड आणि बदाम जाडसर चिरून मंद आचेवर पाच मिनिटे भाजावेत व गार होऊ द्यावेत. मात्र चिरण्यापूर्वी एक अक्रोड चावून पाहावाच. मशीद बंदरला स्वस्त मिळतो म्हणून आणलेला किलोभर अक्रोड मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सादळतो आणि त्यातले तेल खवट होते. एका जुलैत मी ही चव पाहिली नाही, आणि बाराच्या बारा मफिन कडवट झाल्यामुळे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे अक्रोड फ्रीजमध्येच असतो.

आता ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा आणि बारा खळग्यांच्या साच्यात कागदी कप लावावेत. १५० ग्रॅम कणीक, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलची-जायफळाची पूड एकत्र चाळून घ्यावी. दुसऱ्या भांड्यात १ अंडे, ८० मिलिलिटर तेल आणि १०० ग्रॅम चाळलेला गूळ गुठळी न राहता घोटून त्यात भिजलेले ओट्स ताकासकट मिसळावेत. श्रावणात अंडे चालत नसेल, तर पाव कप घट्ट दही घालावे. मफिन किंचित कमी फुलतात, पण चवीला उणे नसतात.

ओल्या मिश्रणात कोरडे जिन्नस आणि मूठभर वगळून बाकीचा मेवा घालून डावाने खालून वर असे दहा-बारा वेळाच परतावे. कोरडी कणीक दिसेनाशी झाली की हात थांबवावा. पीठ ओबडधोबड दिसते आणि आणखी ढवळण्याचा मोह होतो, पण तेवढ्यानेच कणकेतले ग्लुटेन ताणले जाऊन मफिन रबरासारखे होतात.

कप पाऊण भरून वर उरलेला मेवा पेरावा व २० ते २२ मिनिटे भाजावे. लहान ओटीजीत मागची बाजू लवकर करपते. त्यामुळे पंधराव्या मिनिटानंतर, त्याआधी नव्हे, साचा फिरवावा. मधोमध खुपसलेल्या टूथपिकला ओले पीठ लागता कामा नये, एखाद-दुसरा कण चालेल.

पाच मिनिटांनी मफिन साच्यातून काढून जाळीवर ठेवावेत. गरम असतानाच डब्यात भरले, तर वाफेने तळाचा कागद ओला होऊन सोलताना निम्मा मफिन कागदालाच चिकटून राहतो.